दाढी पाहून वस्तरा

साताऱ्यात किंवा सांगलीत कुठल्याही सलूनमध्ये दाढी आजही वस्तऱ्यानेच होते, पण तो वस्तरा म्हणजे नुसती मूठ असते. कारागीर तुमच्यासमोर नवं ब्लेड काढतो, कागदासकट मधोमध मोडतो, त्यातलं अर्धं मुठीत सरकवतो आणि काम झालं की टाकून देतो. एड्स आणि काविळीच्या धास्तीने नव्वदच्या दशकापासून ही रीत रुळली आणि ती योग्यच आहे. एका गिऱ्हाइकाला लागलेली धार दुसऱ्याच्या गालाला लागता कामा नये. त्याआधीचा अखंड पोलादी वस्तरा, दगडावर घासायचा, पट्ट्यावर फिरवायचा आणि तीस-चाळीस वर्षं वापरायचा, तो मात्र आता सलूनमधून उठून हौशी लोकांच्या घरात येऊन बसला आहे. कुणाला तो माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या चष्म्याशेजारी सापडतो, कुणी जर्मनीहून मागवतो.

घ्यायचा म्हटलं की पहिला घोळ नावांचा. फुल हॉलो, हाफ हॉलो, क्वार्टर हॉलो, वेज. किमती काही हजारांपासून पंधरा-वीस हजारांच्या पुढे. विकणारा बहुधा सांगतो की जितकं पातं पोकळ तितका वस्तरा धारदार. हे खरं नाही, आणि त्यावर विश्वास ठेवून महागडा वस्तरा घेणारे पुढे तो कपाटात ठेवून पुन्हा सलून गाठतात. पोकळी कशासाठी असते आणि आपल्या दाढीला किती लागते, एवढं समजलं तर ही फसगत टळते. (कर्मवीर भाऊराव पाटलांसारखी छातीवर रुळणारी दाढी ठेवायची असेल, तर हा लेख इथेच सोडायला हरकत नाही.)

धार सगळ्यांची सारखी, फरक पोटाचा

वस्तऱ्याच्या पात्याला वर जाड पाठ असते आणि खाली धार. मधला भाग म्हणजे पोट. पाठीपासून धारेपर्यंत दोन्ही बाजू सरळ उतरत आल्या तर पातं भरीव. त्याच बाजू फिरत्या चाकावर घासून आत खोल केल्या तर पातं पोकळ. घासायचं चाक मोठं असेल तर पोकळी उथळ राहते, लहान असेल तर खोल जाते. इंग्लंडमधल्या शेफील्डचे एकोणिसाव्या शतकातले जुने वस्तरे बहुतेक भरीव किंवा जवळपास भरीव असत. दोन लहान चाकांमध्ये पातं धरून ते कागदासारखं पातळ करण्याचं तंत्र जर्मनीतल्या झोलिंगेनमध्ये त्या शतकाच्या शेवटी यंत्रावर आलं, आणि मग पोकळ वस्तऱ्यांची चलती झाली.

आता धारेचं गणित. वस्तरा दगडावर घासताना आडवा, सपाट ठेवतात. पाठही दगडाला टेकते आणि धारही. म्हणजे धारेचा कोन पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी या दोनच गोष्टी ठरवतात. मधलं पोट भरलेलं आहे की कोरलेलं, याचा त्या कोनाशी संबंध नाही. रुंदीला पाठीच्या जाडीने भागलं की उत्तर साडेतीनच्या आसपास यायला हवं; तेव्हा कोन साधारण १६ अंशांचा पडतो. १९ मिलिमीटर रुंद पात्याला सुमारे साडेपाच मिलिमीटरची पाठ, १६ मिलिमीटर रुंद पात्याला साडेचार मिलिमीटरच्या जरा पुढची. उत्तर तीनच्या खाली गेलं तर कोन १९ अंशांच्या वर जातो आणि वस्तरा केस ओढतो. चारच्या वर गेलं तर धार फार नाजूक होते आणि बारीक कपच्या उडतात. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत काम करणारा एखादा मित्र असेलच. त्याच्याकडचं व्हर्नियर दोन मिनिटं मागून घ्या. विकणाऱ्याच्या वर्णनापेक्षा हे मोजमाप जास्त खरं सांगतं.

मग पोटाने काय बदलतं? चार गोष्टी. पातं किती लवतं, किती जड लागतं, किती आवाज करतं, आणि धार लावायला किती कष्ट पडतात. दाढीचा आणि वस्तऱ्याचा मेळ या चार गोष्टींवर बसवायचा असतो.

चार प्रकार

भरीव पातं, म्हणजे वेज, अजिबात लवत नाही. हातात वजनदार लागतं, आवाज जवळपास नाही. राठ केसातून ते आपल्या वजनाने जातं. हाताने फक्त दिशा द्यायची. तोटा धार लावताना कळतो. खरं भरीव पातं दगडावर ठेवलं की त्याची सगळी बाजू दगडाला लागते, त्यामुळे धारेपुरतं पोलाद झिजवायला फार वेळ जातो. नवशिक्याने हा उद्योग पहिल्याच वर्षी करू नये.

पाव पोकळ पात्यात पोट थोडंसं कोरलेलं असतं. ताठपणा बराचसा भरीव पात्याचा, पण दगडावर फक्त पाठ आणि धार टेकतात, म्हणून कष्ट कमी. राठ, दाट दाढीच्या माणसाला हा मधला मार्ग फार सोयीचा.

अर्धपोकळ पातं स्पष्ट कोरलेलं असतं, तरी धारेमागे पुरेसं पोलाद शिल्लक असतं. हात थोडा जड पडला तरी सांभाळून घेतं, आणि केस कापल्याची खरखर बोटांना कळते.

पूर्ण पोकळ पातं धारेजवळ इतकं पातळ असतं की धार अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून किंचित दाबली तर पोलाद लवताना डोळ्यांना दिसतं. ही परीक्षा विकणाऱ्याला करायला सांगा, स्वतः करू नका. असं पातं गालावर चालताना खर्र असा स्वच्छ आवाज करतं, प्रत्येक केसाची बातमी देतं. वजन कमी, धार लावायला सोपं. पण हात जड असेल तर तेच लवणं अंगाशी येतं: धार कातडीकडे वळते आणि ओरखडा काढते. राठ केसापाशी ते अडतं, थरथरतं, आणि मग माणूस दाबतो. बहुतेक कापून घेणं तिथेच होतं.

रुंदी सुतात मोजा

वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत सांगतात. आपल्याकडच्या सुताराला आणि गवंड्याला हे माप शिकवावं लागत नाही, कारण इंचाला आठ सूत हे त्यांचं रोजचंच. ५/८ म्हणजे पाच सूत, ६/८ म्हणजे सहा सूत. बाजारात चार सुतांपासून सात-आठ सुतांपर्यंत वस्तरे मिळतात.

अरुंद पातं नाकाखाली, ओठांच्या कोपऱ्यात आणि कानाजवळ सहज वळतं, पण त्यावर फेस कमी मावतो. दर दोन हातांनी पुसावं लागतं. रुंद पातं फेस जास्त घेतं, जड असतं, दाट दाढीत बिनथांब चालतं. मात्र मिशीच्या कडा कोरताना अडचण करतं. पहिला वस्तरा पाच किंवा सहा सुतीच घ्यावा. कल्ले आणि मिशी रोज कोरून ठेवणाऱ्याने पाच सुतीवर थांबावं.

टोकाचंही पाहा. चौकोनी टोक कोरीव कामाला चांगलं, पण पहिल्या महिन्यात कानाच्या पाळीला आणि ओठाला तेच लागतं. नव्या माणसाने गोल टोक घ्यावं.

आधी दाढी वाचा

दोन दिवसांची कोरडी दाढी घ्या. बोटांच्या मागच्या बाजूने कानापासून हनुवटीकडे हात न्या, मग उलट आणा. मुरलेला कारागीर गिऱ्हाइकाशी उसाच्या बिलाच्या गप्पा मारता मारता हेच करतो. साबण लावायच्या आधी त्याचा अंगठा हनुवटीखालून एकदा फिरून येतो, आणि कुठे फेस जास्त चोळायचा, कुठे उलटा हात मारायचा नाही, हे त्याचं ठरलेलं असतं. मग आपल्याला तो विचारतो, "उलटी मारायची काय दादा?" विचारतो खरा, पण उत्तर त्याला आधीच माहीत असतं.

घरी हे काम आपल्यालाच करायचं आहे. चार गोष्टी टिपून घ्या. केस जाड आहे की बारीक. दाट आहे की विरळ. कुठल्या दिशेने वाढतो. आणि खालची कातडी कशी आहे. गालावर केस बहुधा खाली उतरतात. गळ्यावर मात्र कुणाचे वर चढतात, कुणाचे आडवे जातात, कुणाला तिथे भोवरा असतो. हनुवटी आणि मिशीचे केस गालापेक्षा जाड असतात. एका कागदावर चेहरा काढून बाण मारून ठेवले तर पहिल्या महिन्यात त्याचा फार उपयोग होतो.

कुठल्या दाढीला कुठलं पोट

*कोवळी, विरळ दाढी.* अठरा-वीस वर्षांच्या मुलांची, किंवा मुळातच कमी केस असणाऱ्यांची. इथे कापायला फार काही नसतं, सांभाळायची असते ती कातडी. पूर्ण पोकळ, पाच सुती, गोल टोकाचा वस्तरा ठीक. एकच सुलट हात. विरळ दाढीला जड भरीव पातं लावलं तर केसापेक्षा कातडीच जास्त खरवडली जाते.

*मऊ, मध्यम दाढी, रोज किंवा एक दिवसाआड करणारे.* नोकरदारांपैकी बरेच जण या गटात येतात. पूर्ण पोकळ किंवा अर्धपोकळ, दोन्ही चालतात. हात हलका असेल तर पूर्ण पोकळ पात्याची मजा इथेच कळते. हात जड असेल, किंवा दाढी करताना सकाळच्या गाडीची घाई असेल, तर अर्धपोकळ.

*राठ, दाट, काळी दाढी.* सकाळी केली की संध्याकाळी हाताला लागते, अशी. इथे पूर्ण पोकळ पातं टाळावं. सहा सुती पाव पोकळ हे पहिलं नाव, अर्धपोकळ हे दुसरं. आधी सुलट, मग आडवा हात. उलट हात हवाच असेल तर फक्त गालावर, हनुवटीवर नाही.

*पिकलेली दाढी.* पन्नाशीनंतर पांढरे केस तारेसारखे ताठ लागतात, आणि त्याच वेळी कातडी सैल आणि पातळ होत जाते. ही जोडी अवघड. केसाला ताठ पातं हवं, कातडीला हलका हात. अर्धपोकळ, सहा सुती पातं आणि दुसऱ्या हाताने नीट ताणलेली कातडी हा त्यावरचा उपाय. गालफडं बसली असतील तर गाल आतून जिभेने किंचित फुगवून घ्यावा. गळ्यावरच्या सुरकुत्यांत उलट हात मारूच नये.

*कुरळी दाढी.* ज्यांचे केस कापल्यावर कातडीत वळून शिरतात आणि गळ्यावर पुटकुळ्या उठतात, त्यांचा शत्रू बोथट वस्तरा नसून अतिगुळगुळीत दाढी हा असतो. केस कातडीच्या खाली कापला गेला की तो आतल्या आत वाढतो. अशांनी अर्धपोकळ पातं घ्यावं, कातडी ओढून ताणू नये, एकच सुलट हात मारावा आणि दोन दाढ्यांमध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. एवढं करूनही पुटकुळ्या राहिल्या तर वस्तरा ठेवून द्यावा, केस मिलिमीटरभर राखणारं ट्रिमर वापरावं आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं.

*आठवड्याची आणि श्रावणाची दाढी.* शेतावर राबणाऱ्या बऱ्याच जणांची दाढी बाजाराच्या दिवशी होते, आणि श्रावण पाळणारे महिनाभर वस्तरा लावत नाहीत. लांब केस वस्तऱ्याखाली आडवे पडतात, फेस पात्याला चिकटतो आणि गाल ओढला जातो. आठ दिवसांची दाढी सहा सुती पाव पोकळ किंवा भरीव पात्याने उत्तम निघते. महिन्याची असेल तर आधी कात्रीने किंवा मशीनने खुंटावर आणा, मग वस्तरा घ्या. कुठलंच पोट महिन्याच्या दाढीला थेट पुरत नाही.

*डोकं.* डोक्याला जागोजाग गोलाई असते, मागची बाजू दिसत नाही आणि हात उलटा पडतो. दशक्रियेसाठी संगम माहुलीच्या घाटावर बसलेला माणूस असो की जावळासाठी देवाला नेलेलं मूल, हे काम जाणत्या हाताचं आहे आणि त्यासाठी नवं ब्लेडच हवं. घरच्या वस्तऱ्याचे प्रयोग बाळाच्या टाळूवर कधीही करू नयेत.

पाणी आणि हवा

दाढीचा केस पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजवलेला केस कोरड्या केसापेक्षा कितीतरी कमी जोरात कापला जातो. पूर्वी गावातला न्हावी झाडाखाली गिऱ्हाइकाला बसवून आधी बराच वेळ नुसत्या पाण्याने गाल चोळायचा; बलुत्यावरच्या दाढीत साबण कमी असला तरी पाणी भरपूर असे. अंघोळीनंतर दाढी केली तर अर्धं काम झालेलं असतं.

पाण्याचा प्रकारही पाहावा लागतो. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागांत ज्यांच्या घरी बोअरचं क्षारयुक्त पाणी आहे, त्यांना साबणाचा फेस बसत नाही आणि पात्यावर पांढरा थर चढतो, हा अनुभव असेलच. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट साका तयार करतात. वस्तरा ओढायला लागला की लोक दगड काढतात, पण कित्येकदा दोष धारेचा नसून फेसाचा असतो. फेसापुरतं वाटीभर पाणी पावसाचं, फिल्टरचं किंवा उकळून निवळलेलं घ्या. उकळल्याने सगळा जडपणा जात नाही, पण काही भाग भांड्याच्या तळाशी बसतो. फेस पातळ असेल तर ताठ पातं आणि लवचीक पातं दोन्ही सारखीच त्रास देतात, हे लक्षात ठेवा.

पश्चिमेकडचा प्रश्न वेगळा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या पावसाळ्यात कार्बन पोलादाचा वस्तरा एका रात्रीत तांबूस होतो. पूर्ण पोकळ पात्याला गंजाचा एक ठिपका धारेवर पडला तर धार तिथे तुटते. भरीव पात्यात तो घासून काढायला पोलाद शिल्लक असतं. म्हणून त्या भागात राहणाऱ्याने स्टेनलेसचा विचार करावा, निदान फार पोकळ पातं घेऊ नये. स्टेनलेसला धार लावायला वेळ जास्त लागतो, हे मात्र आधीच मान्य करून घ्यावं. वस्तरा कुठलाही असो, दाढीनंतर पुसा, मुठीच्या फटीतलं पाणी झटका, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर फिरवा आणि न्हाणीघराबाहेर ठेवा. खोबरेल नको, ते कालांतराने चिकट होतं.

धार कोण लावणार?

सायकलच्या चाकावर विळी-कात्रीला धार लावत गल्लीतून फिरणाऱ्याकडे वस्तरा देऊ नका. त्या कोरड्या चाकावर पातळ पातं क्षणात तापतं आणि त्याचं पाणी उतरतं. वर पाठ न टेकवता घासल्याने कोनही बिघडतो. पूर्ण पोकळ पातं तर एका फेरीत कायमचं जातं.

एकेकाळी या भागात हत्यारांची जाण असलेले हात पुष्कळ होते. मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार. हत्यारं घडवणं आणि त्यांना धार देणं हे त्यांचं काम; इंग्रजी अमलात ते आटलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी सतारी-तंबोरे करायला घेतले. आज मिरजेत तंबोरा मागाल तसा मिळतो, वस्तऱ्याला धार लावणारा मात्र शोधावा लागतो. म्हणून हे काम स्वतः शिकलेलं बरं, आणि शिकायला सोपं पातं घेतलेलं बरं. अर्धपोकळ पात्याची शिफारस मी वारंवार करतो त्याचं एक कारण हेही आहे.

रोजचं काम पट्ट्याचं. दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर तीस ते साठ वेळा, नेहमी पाठ पुढे आणि धार मागे. टोकाला पोचल्यावर पातं पाठीवर वळवायचं, धारेवर नाही. नाहीतर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. पट्टा ताठ धरा, सैल पट्ट्यावर धार गोल होते. पट्ट्याने भागेनासं झालं की, साधारण काही महिन्यांनी, दगड. बारीक दगड, आठ हजार ते बारा हजार ग्रिटचा, पाणी लावून. हजारचा जाड दगड फक्त मोडलेली धार नव्याने बांधताना. रोजच्या वापरात तो काढायचं कारण नाही.

जुना वस्तरा पारखताना

घरातला किंवा जुन्या बाजारातला वस्तरा वाटतो तितका टाकाऊ नसतो. शेफील्ड, झोलिंगेन किंवा फ्रान्समधल्या थिएरचं नाव मानेवर कोरलेलं असेल तर पोलाद बहुधा चांगलं असतं. पण नावाआधी पातं पाहा.

- धारेपासून दोन-तीन मिलिमीटरच्या आत गंजाचे खड्डे असतील तर सोडून द्या. पाठीवरचा गंज चालतो.
- पात्याला उजेडासमोर धरून केसाएवढी चीर आहे का ते बघा, विशेषतः पूर्ण पोकळ पात्यात. चीर असेल तर विषय संपला.
- सपाट काचेवर आडवं ठेवा. डुगडुगलं तर पातं पिळलेलं आहे.
- धार सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली हवी. मध्ये आत गेलेली असेल तर पूर्वी कुणीतरी चुकीची घासली आहे.
- पाठ एका बाजूला सपाट झिजली असेल तर कोन बिघडलेला असतो. रुंदी आणि पाठीचं मोजमाप इथे पुन्हा करा.
- मूठ जुन्या सेल्युलॉइडची असेल आणि ती चिकट, भेगाळलेली, कापरासारख्या वासाची असेल, तर तिच्यातून निघणाऱ्या वाफेनेच पातं गंजतं. मूठ बदलून घ्या.
- हस्तिदंती मुठीचा वस्तरा खरेदी-विक्रीच्या फंदात पडू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो व्यवहार गुन्हा आहे.

कुणी या वाटेला जाऊ नये

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, मधुमेहामुळे जखम लवकर न भरणारे, हात थरथरणारे, आणि गालावर पुरळ किंवा संसर्ग असलेले यांनी वस्तरा हाती घेऊ नये. घरात एकाचा वस्तरा एकालाच. वडिलांचा मुलाने उचलायचा नाही. दोघांना हौस असेल तर दोन घ्या. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. तुरटीचा खडा जवळ असू द्या: बारीक चिरेवर ओला करून टेकवला की रक्त थांबतं. विमानाने जायचं असेल तर वस्तरा हातातल्या पिशवीत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका.

सुरुवात गालापासून करा. पहिले काही आठवडे फक्त दोन्ही गाल वस्तऱ्याने आणि बाकी नेहमीच्या रेझरने. पातं कातडीशी साधारण ३० अंशांवर धरा. त्यापेक्षा उभं धरलं तर कापतं, फार आडवं धरलं तर ओढतं. जोर द्यावासा वाटला की थांबा. जोर लागतोय याचा अर्थ केस भिजलेला नाही, धार गेली आहे, किंवा पोट दाढीला जुळत नाही. याच क्रमाने तपासा. दहांत नऊ वेळा उत्तर पहिल्या दोनांतच सापडतं.

पैसेही याच क्रमाने घाला. आधी चांगला पट्टा, मग एक बारीक दगड, आणि उरलेल्या रकमेत वस्तरा. दाढीबद्दल मनात शंका असेल तर पाच किंवा सहा सुती, गोल टोकाचा, कार्बन पोलादाचा अर्धपोकळ वस्तरा घ्या. पाऊस फार असेल तर तोच स्टेनलेसमध्ये. वर्षभर त्या एकाच वस्तऱ्याने दाढी करा. हनुवटीवर दर वेळी अडला तर दुसरा पाव पोकळ घ्या. कुठेच न अडता नुसता जड लागला तर पूर्ण पोकळ. दुसऱ्या वस्तऱ्याची निवड मग दुकानदाराला विचारायची गरज राहत नाही.